चोपन्न पायऱ्यांचा हिशेब

भाईंदर पूर्वेला आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला अठरा, अशा एकूण चोपन्न पायऱ्या आहेत, हे सोळा वर्षे तेथे राहूनही आम्हाला ठाऊक नव्हते. ते कळले मार्च २०२४ मध्ये, आमच्या ह्यांना इस्पितळातून घरी आणले त्या दुपारी. (नाव घ्यायला आम्ही लाजत नाही. पण छापील कागदावर आपले नाव नको, असे त्यांचेच म्हणणे पडले. म्हणून वाचकांनी 'हे' असेच चालवून घ्यावे.)

रिक्षातून उतरल्यावर त्यांनी मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. पाच पायऱ्या चढायच्या, थांबायचे. पुन्हा पाच. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी न सांगता प्लॅस्टिकची खुर्ची आणून जिन्याच्या वळणावर ठेवली. हे तिच्यावर बसले, घाम पुसला, मग आमच्या मुलीने तीच खुर्ची उचलून पुढच्या वळणावर नेली. असे करीत घरात पोचायला पाऊण तास लागला. त्याच जिन्याने हे कधीकाळी भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन न थांबता येत असत. घरात आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाईंनी विचारले, "आता ताकद कधी येणार रे बाबा?" पुढचे आठ महिने हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारला. कोणी आमच्यासारखे त्यातून जात असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

आजार काय होता ते थोडक्यात सांगतो. ह्यांना टीबी निघाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. डाव्या बाजूला बरगड्या आणि फुफ्फुस यांच्या मधल्या जागेत पू झाला होता. नळी टाकून पू काढला, औषधे सुरू झाली, ताप उतरला. पण दम काही कमी होईना. फोटो काढला तेव्हा कळले, की पू वाळून फुफ्फुसाभोवती जाड साल धरली आहे. आतले फुफ्फुस जिवंत होते, पण त्या सालीमुळे त्याला फुगताच येत नव्हते. भात करपला की पातेल्याच्या तळाला जसा थर धरतो, तसा थर खरवडून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी आम्हाला आमच्या भाषेत समजावले. ऑपरेशनला पाच तास लागले. मुंबईच्या सरकारी इस्पितळात, केशरी रेशनकार्डावर, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ते झाले. एरवी आमच्यासारख्यांनी काय केले असते ते देवच जाणे असे म्हणण्याची आपली रीत नाही. कर्ज काढले असते आणि जन्मभर फेडले असते, एवढेच.

ह्यांच्या फुफ्फुसाचा भाग काढावा लागला नाही. काहींचा काढावा लागतो: जुन्या टीबीच्या पोकळीत बुरशीची गाठ धरलेली असते, कोणाला वारंवार रक्त पडत असते, कोणाला कॅन्सर असतो. त्यांचे दिवस आणि बंधने वेगळी असतात आणि ती त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायची. पण दोन बरगड्यांमधून वाट काढून छाती उघडली, की नंतरचा रस्ता बऱ्याच अंशी सारखाच असतो, हे आम्हाला त्या वॉर्डात पंधरा दिवस काढल्यावर कळले.

वॉर्डातली पहिली लढाई खोकल्याची. छातीत दोन नळ्या, त्या खाली ठेवलेल्या बाटल्यांतल्या पाण्यात सोडलेल्या, श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे. अशा माणसाला व्यायाम शिकवणाऱ्या ताई येऊन सांगत, "काका, खोका." हे नाही म्हणत. टाके तुटतील अशी भीती. सासूबाई त्या ताईंवर डोळे वटारत. ताईंनी न चिडता एक उशी ह्यांच्या डाव्या कुशीला लावली, दोन्ही हातांनी ती घट्ट दाबायला सांगितली आणि मग खोकायला लावले. त्या आम्हाला म्हणाल्या, "दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. मग खालचा भाग उघडत नाही, तेथे कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणजे ज्यासाठी एवढे केले तेच वाया." दुखण्याच्या गोळीचेही तसेच. आपली माणसे गोळी टाळण्यात मर्दपणा मानतात. गोळी घेऊन अर्ध्या तासाने खोकले आणि चालले तर दोन्ही नीट होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

दुसरे हत्यार म्हणजे तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र. औषधाच्या दुकानात मिळते. नळी तोंडात धरून श्वास सावकाश आत ओढला, की गोळ्या वर जातात. त्या जितका वेळ वर धरता येतील तितक्या धरायच्या. जागेपणी दर तासाला दहा वेळा करायला सांगितले होते. पहिल्या दिवशी ह्यांची एक गोळी जेमतेम हलली. शेजारच्या खाटेवर नालासोपाऱ्याचा एक मुलगा होता, एकवीस-बावीस वर्षांचा. तो दोन गोळ्या उचलून ह्यांना डोळा मारत असे. त्या चढाओढीने जे केले ते आमच्या शंभर विनवण्यांनी झाले नसते.

घरी आल्यावर मात्र चढाओढ लावायला कोणी नव्हते, आणि घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष आरामाचा. त्यात सासूबाई, नणंदा आणि भेटीला येणारा सगळा समाज. "उठू नका, पडून राहा, पाणी आम्ही देतो." माणसे येत ती प्रेमाने येत, त्याबद्दल कृतज्ञता आहे, पण एका रविवारी सकाळपासून एकोणीस जण येऊन गेले आणि प्रत्येकाला ह्यांनी ऑपरेशनची हकीकत पहिल्यापासून सांगितली. रात्री त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा आम्ही दारावर कागद चिकटवला: 'भेटण्याची वेळ संध्याकाळी ५ ते ६.' दोन नातेवाईक त्यावरून रुसले ते अजून रुसलेले आहेत.

दुसरा पक्ष एकट्या ह्यांचा. घरात बसून खाणे त्यांना पाप वाटे. वीस वर्षे त्यांनी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या गाळ्यात काम केले. आमच्या भाईंदर पूर्वेला असे गाळे गल्लोगल्ली आहेत, आणि संध्याकाळी तेथून सुटणारी माणसे भुवयांपर्यंत काळी असतात, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. मालकाचा फोन येई: "कधी येणार?" फोन ठेवला की हे गॅलरीत येरझारा घालू लागत.

१४ एप्रिल २०२४ रोजी व्हायचे ते झाले. ऑपरेशनला चार आठवडे झाले होते. सकाळपासून ह्यांना बरे वाटत होते, चेहऱ्यावर तेज होते. खाली विहारापाशी जयंतीची तयारी चाललेली. "नुसता खाली जाऊन बसतो," म्हणून गेले. आम्ही महिला मंडळाच्या कामात. तासाभराने पाहतो तर हे पाण्याच्या स्टॉलवर उभे, वीस लिटरचा जार दोन्ही हातांनी कलता करून पिंप भरताहेत. आम्ही ओरडलो, तर म्हणाले, "काही होत नाही, आज एकदम मोकळे वाटते आहे." मिरवणुकीबरोबर नाक्यापर्यंत चालतही गेले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. तिसऱ्या दिवशी तेच. जखमेच्या कडेला दुखे, दम लागे, आणि आम्हाला धास्ती की आत पुन्हा काही झाले. टेंभ्याच्या पं. भीमसेन जोशी रुग्णालयात नेऊन फोटो काढला. फोटो चांगला होता. तेथल्या डॉक्टरांनी विचारले, "परवा काय केले?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "एका दिवसात चार दिवसांचे खर्च केलेत."

आम्ही बी.कॉम. झालेलो, आयुष्य कारकुनीत गेलेले. खर्च हा शब्द ऐकला आणि डोक्यात प्रकाश पडला. त्या रात्री दोनशे पानी वही काढली, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. जमेत झोप, जेवण, दुपारची विश्रांती. नावे टाकायचे ते चालणे, पायऱ्या, आंघोळ, बोलणे. हो, बोलणेसुद्धा. दम कमी असलेल्या माणसाला अर्धा तास गप्पा म्हणजे एक मजला चढण्याइतके पडते. हे आधी हसले. "आता मला पण ऑडिट?" म्हणाले.

वहीने पहिली गोष्ट दाखवली ती ही, की ह्यांचे श्रम मनाच्या लहरीवर चालत. बरे वाटले की सगळे करायचे, मग दोन दिवस काहीच नाही. महिनाभराची बेरीज केली तर शेवटी शून्यच. म्हणून आम्ही माप ठरवले. गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावले. दिवसातून चार वेळा, प्रत्येकी पाच फेऱ्या. बरे वाटले तरी पाचच. कंटाळा आला तरी पाचच, अगदीच नको वाटले तर तीन, पण शून्य नाही. तीन दिवस सुरळीत गेले की एक फेरी वाढवायची. चालताना शेजारच्याशी एक वाक्य सलग बोलता आले पाहिजे. वाक्य मध्ये तुटले तर वेग कमी करायचा. बसायचे ते दमल्यावर नव्हे, दमण्याच्या थोडे आधी. हे शेवटचे शिकायला ह्यांना महिना लागला, कारण कष्टकरी माणसाला दमल्याशिवाय बसणे माहीतच नसते.

आणखी बारीकसारीक गोष्टी व्यायामाच्या ताईंनी सांगितल्या त्या वहीच्या मागच्या पानावर आहेत. आंघोळ स्टुलावर बसून. कपडे घालताना दुखणारा हात आधी बाहीत. पायरी चढताना श्वास सोडायचा, ओठ शीळ घातल्यासारखे करून, सावकाश. पहिले दोन महिने चार-पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही. आमच्याकडे पाणी भरण्याचे जे प्रकार आहेत त्यात हे पाळणे किती कठीण ते आपण जाणताच, म्हणून हंडे मुलीने आणि आम्ही वाटून घेतले. रात्री दोन उशांवर टेकून झोप. ताप आला, जखम लाल झाली किंवा पाझरू लागली, खोकल्यातून रक्त आले, एका पायाची पोटरी सुजली किंवा एकाएकी दम वाढला, तर वही मिटायची आणि तडक इस्पितळ गाठायचे.

हाताचे तर आम्हाला आश्चर्यच वाटले. ऑपरेशन छातीचे आणि आखडला खांदा. पाठीकडून बरगडीपर्यंत चीर असते, त्यात मोठे स्नायू कापले जातात. माणूस हात छातीशी धरून ठेवतो आणि खांदा धरून बसतो. त्यावर उपाय भिंतीचा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे, जेथे थांबेल तेथे पेन्सिलीची खूण. मुलगी लहान असताना याच भिंतीवर तिची उंची आम्ही मोजत होतो. त्या जुन्या खुणांच्या शेजारी बापाच्या बोटांच्या खुणा चढू लागल्या. मे महिन्याच्या शेवटी त्या तिच्या सातवीतल्या उंचीच्या पुढे गेल्या तेव्हा तिने पेढे आणले.

दुखण्याबद्दल मात्र कोणी आधी नीट सांगितले नव्हते. टाके सुकले, व्रण दिसेनासा होत चालला, तरी डाव्या बाजूला स्तनाखाली एक पट्टा बधिर, आणि त्याच पट्ट्यात मध्येच मिरची लावल्यासारखी आग. बनियनचा स्पर्श सहन होईना. हे मनातून घाबरले होते की आत काही राहिले. तपासणीला गेल्यावर कळले, की बरगडीखालून जाणारी शीर दुखावली जाते, तिला शांत व्हायला महिनोन्महिने लागतात, काहींची थोडी कुरकुर कायमची राहते. त्यासाठी वेगळी गोळी असते. आधी कळले असते तर रात्रीची अर्धी जागरणे वाचली असती.

आता जेवण. ऑपरेशनच्या वेळी ह्यांचे वजन ४४ किलो होते, धडधाकट असताना ५८. भेटीला येणारे ग्लुकोजची बिस्किटे, शहाळी आणि सफरचंदे आणीत. फळे वाईट नाहीत, पण झिजलेले स्नायू बिस्किटांनी भरत नाहीत. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही निर्लज्जपणे सांगून टाकले, "बायांनो, भेटीला याल तर अंडी आणा." त्या आठवड्यात तीन ट्रे जमले. रोज तीन अंडी, दोन वेळा घट्ट वरण, मुठभर भाजलेले शेंगदाणे, मिळेल तेव्हा मासळी. उत्तन आमच्या उशाशी आहे. ताजा पापलेट आमच्या खिशाबाहेरचा, पण सुके बोंबील आणि सुकट स्वस्त आणि ताकदीला भारी. सुकट भाजली की आमच्या जिन्यात कुजबुज होते. होऊ द्या. एका वेळी पोटभर जेवल्यास दम लागतो, म्हणून पाच-सहा वेळा थोडे थोडे.

टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी केंद्र सरकारच्या योजनेतून एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये बँकेत जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, तोपर्यंत आमची औषधे संपली होती. रक्कम मोठी नाही, पण ती हक्काची आहे. पासबुक भरून घेऊन तपासावे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य, डाळ, दूध भुकटी देऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढले तर मृत्यू कमी होतात, आणि घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाणही घटते, असे त्यात दिसून आले. सासूबाईंनी हे न वाचताच पहिल्या दिवसापासून ताटात डाळ वाढवली होती, आरामाच्या पक्षात असूनही.

बिडीचेही येथेच सांगून टाकतो. हे दारूला शिवत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान. पाचवे शील दारूपुरते असते, बिडी त्यात येत नाही, असा त्यांचा जुना युक्तिवाद. वॉर्डात बाटलीतला पू पाहिल्यावर तो युक्तिवाद त्यांनी स्वतःच मागे घेतला.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर बरेच दिवस विचार केला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही वस्तीत आरोग्य शिबिर भरवले होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, असे माईकवरून आम्हीच ओरडत होतो. त्या दिवसांत ह्यांचा खोकला दीड महिन्याचा होता. घरी रात्री दहाला येऊन आम्ही पावत्या जुळवत बसायचो, पलीकडे हे खोकत असायचे, आणि आम्हाला ते गाळ्यातल्या धुळीचे वाटे. धूळ तर वीस वर्षांची होती. पुढे डॉक्टर म्हणाले, की अशा बारीक धुळीत काम करणाऱ्याच्या फुफ्फुसात टीबीला घर करायला सोपे जाते. ह्यांनी त्याबद्दल आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. मे महिन्यात एका रात्री मात्र, हात वर जाईना म्हणून चिडून त्यांनी तांब्या भिंतीवर फेकला आणि मग रडले. आम्ही त्यांना तेवीस वर्षांत रडताना पाहिले नव्हते. त्या दिवशीच्या वहीत जमा बाजूला काय लिहावे सुचले नाही. तारीख तेवढी आहे.

त्यानंतर आम्ही मंडळाचे अध्यक्षपद सहा महिन्यांसाठी दुसऱ्या ताईंकडे दिले. काम अडले नाही.

आषाढ पौर्णिमेला, २१ जुलै २०२४ रोजी, वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात दरवर्षी वर्षावासात संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते आणि वाचणारे गेली कित्येक वर्षे हेच. आवाज खणखणीत, माईक लागत नसे. त्या संध्याकाळी ते सवयीने ग्रंथासमोर बसले. चौथ्या ओळीला श्वास संपला. थांबले, पुन्हा सुरू केले, दोन ओळी. विहारात शांतता. कोणीतरी म्हणाले, "राहू द्या दादा, आम्ही वाचतो." ह्यांनी ग्रंथ मिटला नाही. मुलीला जवळ बोलावले आणि सांगितले, "मी थांबलो की तू उचल." त्या दिवसापासून तसेच चालले. हे पूर्णविरामापर्यंत वाचत, जेथे दम संपे तेथे बोट ठेवत, आणि मुलगी त्या शब्दापासून पुढे नेई. वहीत आम्ही ओळी मोजू लागलो. चार, सात, बारा. सप्टेंबरमध्ये अर्धे पान. वॉर्डातल्या यंत्राच्या गोळ्यांपेक्षा हा व्यायाम त्यांनी मनापासून केला. वाचन झाल्यावर सगळे दहा मिनिटे आनापानसतीला बसत. त्यात श्वास ओढायचा-ताणायचा नसतो, येतो-जातो तो पाहायचा असतो, म्हणून ते काही व्यायामाची जागा घेत नाही. पण ज्या श्वासाची वर्षभर भीती बाळगली, त्याच्याकडे दहा मिनिटे न घाबरता पाहता येते, असे ह्यांनी एकदा जिन्यात थांबून सांगितले. अश्विन पौर्णिमेला, १७ ऑक्टोबर रोजी, त्यांनी दोन पाने सलग वाचली आणि साधुकार झाला तो जरा जास्तच मोठ्याने.

कामाचा प्रश्न राहिलाच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की पॉलिशच्या गाळ्यात परत जायचे नाही. मालकाने सहा महिन्यांत एकदा दोन हजार रुपये पाठवले आणि वर उपकार म्हणून सांगितले. वीस वर्षांत त्याने ईएसआय काढला नव्हता. कागदावर कामगार कधी नऊच्या वर जाऊच दिले नाहीत. दहा कामगार झाले की ईएसआय लागू होतो, म्हणून ही युक्ती. आमच्या मंडळातल्या एका ताईंच्या मुलाला असाच छातीत पू झाला, पण त्याच्या कारखान्यात ईएसआय होता. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. टीबी किंवा छातीत जुना पू अशा दीर्घ आजारांत, पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर, ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तो मुलगा पाच महिने घरी शांतपणे बरा झाला. आमचे हे चौथ्या आठवड्यात जार उचलत होते. दोघांच्या फुफ्फुसांत फरक नव्हता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम त्याच काळात प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले, त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि १९४८ साली कायदा झाला. जयंतीला आपण संविधानाबद्दल बोलतो, बोललेच पाहिजे. पण पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का, हे आपल्यातले किती जण पाहतात? आम्हीही वीस वर्षे पाहिले नाही, आणि आम्ही तर पावत्याच पाहण्याचा पगार घेतो.

एका कारकुनाच्या पगारात घर चालले, बचत गटाचे कर्ज झाले, ते अजून आहे. डिसेंबरपासून हे एका भांड्यांच्या गोदामात मोजणीचे काम करतात. पगार पूर्वीच्या निम्मा. वजन ५३.

६ डिसेंबर २०२४ रोजी चैत्यभूमीला जायचे ठरले. रांगेत उभे राहायचे नाही, दुरून वंदन करून परत यायचे, अशी अट आम्ही घातली आणि त्यांनी ती मान्य केली, ही त्या वर्षातली खरी प्रगती. पहाटेची गाडी पकडली. दादरच्या पुलावर मागून माणसांचा लोंढा. हे कठड्याला धरून दोन वेळा थांबले, ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास सोडला, लोक बाजूने गेले. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलमागे सावलीत बसून आम्ही घरून आणलेली उकडलेली अंडी खाल्ली.

वही आता आमच्याकडे नाही. मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या वडिलांचे फुफ्फुसाचे ऑपरेशन झाले, त्यांच्याकडे ती गेली. देण्यापूर्वी ह्यांनी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून दिले: 'एकूण बहात्तर पायऱ्या. जिन्यात खुर्ची ठेवा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे.'